थेंबे थेंबे : शिबुसावा एइची यांची गोष्ट

जपानमध्ये ३ जुलै २०२४ रोजी नव्या नोटा चलनात आल्या. हजार येनच्या नोटेवर जंतुशास्त्रज्ञ कितासातो, पाच हजारांच्या नोटेवर मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या त्सुदा उमेको, आणि सगळ्यांत मोठ्या, दहा हजारांच्या नोटेवर गोल चेहऱ्याचे, कोट घातलेले एक वयस्कर गृहस्थ. त्यांचं नाव शिबुसावा एइची. (जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी लिहितोय.)

टोयोटा, होंडा, सोनी ही नावं आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. शिबुसावा हे नाव मात्र फारसं कुणी ऐकलेलं नसतं. त्याचं कारण साधं आहे. या माणसाचा हात सुमारे पाचशे कंपन्यांच्या उभारणीत होता: बँक, कागद, सूत, गॅस, विटा, बिअर, खत, जहाजं, रेल्वे, हॉटेल, काय वाट्टेल ते. पण एखाददुसरा अपवाद सोडला तर त्यांनी त्यातल्या कशालाच आपलं नाव लावलं नाही. हल्ली प्रत्येक कॉलेजात स्टार्टअपचा गजर चालू आहे. व्हेंचर कॅपिटल हा शब्द मराठीत सहज बोलला जातो. नव्या, बेभरवशाच्या धंद्यावर पैसा लावायचा, इतरांना लावायला तयार करायचं आणि योग्य माणूस शोधून त्याच्या हाती कारभार द्यायचा, हे काम शिबुसावांनी दीडशे वर्षांपूर्वी केलं. तेव्हा त्यांच्या देशात बँकेला धड शब्दही नव्हता.

१६ मार्च १८४० रोजी त्यांचा जन्म झाला. गाव चिआराइजिमा, आज ते सैतामा प्रांतातल्या फुकाया शहरात मोडतं. घर शेतकऱ्याचं, पण खाऊनपिऊन सुखी. रेशमाचे किडे पाळायचे, आणि मुख्य धंदा निळीचा. निळीची पानं विकत घ्यायची, आंबवायची, गोळे करायचे आणि रंगाऱ्यांना उधारीवर विकायचे. पानं चांगली की वाईट हे ओळखण्यात सगळं कसब. एइची चौदा-पंधरा वर्षांचा असताना एकटाच गावोगाव फिरून पानांची खरेदी करून आला. मोठे लोक आधी हसले, मग त्याची पारख बघून गप्प झाले. शिक्षण चुलतभावाकडे झालं. ओदाका अत्सुतादा हे त्याचं नाव. त्यानं एइचीला कन्फ्यूशियसची वचनं शिकवली. पुढे एइचीनं ओदाकाची बहीण चियो हिच्याशी लग्न केलं.

सोळा वर्षांचा असताना एक प्रसंग घडला. त्या भागाच्या जहागीरदाराच्या घरी मुलीचं लग्न होतं आणि गावातल्या ऐपतदार घरांकडून पैसे मागितले गेले. शिबुसावांच्या वाट्याला ५०० ऱ्यो आले. वडिलांच्या जागी एइची गेला. हुकूम ऐकला आणि म्हणाला की वडिलांना विचारून सांगतो. कचेरीतल्या कारकुनानं त्याला सगळ्यांसमोर हिणवलं. पैसे शेवटी द्यावेच लागले. पण घरी चालत येताना त्या मुलाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: अक्कल नसलेला माणूस केवळ सामुराई घरात जन्मला म्हणून राबणाऱ्याकडून पैसे मागतो, आणि राबणाऱ्यानं मान खाली घालून द्यायचे. सरकारी अधिकारी वर आणि धंदेवाला खाली, ही उतरंड मोडायची, हा हट्ट त्यांनी जन्मभर सोडला नाही.

तरुणपणी मात्र हा हट्ट भलत्याच वाटेनं गेला. १८६३ साली ओदाका आणि आणखी साठ-सत्तर जण मिळून त्यांनी ताकासाकीचा किल्ला घ्यायचा आणि योकोहामातली परदेशी वस्ती जाळायची असा बेत केला. निळीच्या धंद्यातला पैसा काढून तलवारी घेतल्या. ओदाकाचा धाकटा भाऊ क्योतोहून परिस्थिती पाहून आला, त्यानं रात्रभर वाद घालून हा वेडेपणा थांबवला. जीव वाचवायला एइची क्योतोला पळाला. तिथे नशिबानं असा डाव टाकला की ज्या शोगुनशाहीला उलथवायचं होतं तिच्याच घराण्यातल्या तोकुगावा योशिनोबू यांच्याकडे नोकरी लागली. नोकरीत तो तलवारीपेक्षा हिशेबात जास्त चमकला. तांदूळ कुठे विकायचा, कापसाला भाव कसा मिळवायचा, असल्या गोष्टींनी त्यानं धन्याचा खजिना भरला. १८६७च्या सुरुवातीलाच योशिनोबू स्वतःच शोगुन झाले. एइचीला आनंद व्हायला हवा होता, पण तो खचला. आता आपण बुडत्या जहाजावर आहोत हे त्याला कळत होतं.

सुटका पॅरिसनं केली. १८६७च्या जागतिक प्रदर्शनासाठी शोगुनचा धाकटा भाऊ अकिताके याला फ्रान्सला पाठवायचं ठरलं. अकिताके तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. सोबत हिशेब ठेवणारा माणूस हवा होता, म्हणून शिबुसावा गेले. परदेशी लोकांची वस्ती जाळायला निघालेला माणूस चार वर्षांच्या आत त्यांच्याच जहाजावर कॉफी पीत होता. सुएझचा कालवा तेव्हा खणला जात होता. आगगाडीतून जाताना त्यांनी ते काम पाहिलं, आणि एवढं अवाढव्य काम राजा नव्हे तर एक कंपनी करते आहे याचंच त्यांना जास्त नवल वाटलं.

पॅरिसमध्ये फ्ल्यूरी-एरार नावाचे एक बँकवाले जपानचे मानद कॉन्सल होते. त्यांनी शिबुसावांना बँक म्हणजे काय, रोखे काय, शेअर काय, शेअरबाजार कसा चालतो हे हात धरून दाखवलं. पण पुस्तकी माहितीपेक्षा एक साधी गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली. राजपुत्राच्या देखरेखीला एक फ्रेंच लष्करी अधिकारी होता. तो आणि हा बँकवाला एकमेकांशी बरोबरीनं बोलत. कुणी कुणापुढे वाकत नव्हतं. बेल्जियममध्ये तर कमालच झाली. खुद्द राजा लिओपोल्ड या पोरसवदा राजपुत्राला समजावू लागला की जपाननं लोखंड वापरावं आणि ते बेल्जियमचं घ्यावं. राजाच विक्रेता! जपानी सामुराईला पैशाचं नाव काढणंही हलकं वाटे, त्या काळातली ही गोष्ट. शिबुसावांनी तिथेच शेंडी कापली, कोट-पाटलोण घातली आणि तसे फोटो घरी पाठवले. चियोला ते अजिबात आवडले नाहीत.

ते परदेशात असतानाच शोगुनशाही कोसळली. गावाकडे त्यांनी वारस म्हणून दत्तक घेतलेला मेव्हणा हेइकुरो यादवी युद्धात मारला गेला. पॅरिसमध्ये खर्चाचे पैसे येणं बंद झालं. पण शिबुसावांनी काटकसर करून वाचवलेली रक्कम आधीच फ्रेंच सरकारी आणि रेल्वेच्या रोख्यांत गुंतवली होती. ते विकून निघताना फायदाच झाला. हे त्यांचं पहिलं गुंतवणुकीचं काम म्हणायला हरकत नाही.

१८६८च्या अखेरीस परतल्यावर ते शिझुओकाला गेले, कारण पदच्युत योशिनोबू तिथे नजरकैदेसारखे राहत होते. तिथेच व्यापारी आणि सरकारी पैसा एकत्र करून एक मंडळी काढली. बातमी तोक्योला पोचली आणि नव्या सरकारनं त्यांना ओढून अर्थखात्यात नेलं. तिथली साडेतीन वर्षं झपाटल्यासारखी गेली: वजनमापं, टपाल, कर, नाणी, बँकांचा कायदा. तोमिओकाची रेशीम गिरणी याच काळातली, १८७२ची. यंत्रं फ्रेंच, शिकवणारे फ्रेंच, पण कामाला मुली मिळेनात. फ्रेंच लोक जेवताना लाल दारू पितात, ते मुलींचं रक्त असतं, अशी अफवा पसरली होती. शेवटी गिरणीचे प्रमुख म्हणून नेमलेल्या ओदाकांनी आपल्याच मुलीला, तेरा-चौदा वर्षांच्या यू हिला, पहिली कामगार म्हणून आणलं. नवं तंत्र आलं की पहिली भीती घालवायला कुणीतरी घरचंच माणूस पुढे करावं लागतं.

१८७३ साली अंदाजपत्रकावरून खटके उडाले आणि त्यांनी राजीनामा दिला. वय ३३. सरकारी खुर्ची सोडून कुणी धंद्यात जातं का, असं मित्र म्हणाले. पण त्यांना तेच तर दाखवायचं होतं.

त्याच वर्षी दाइ-इची बँक उघडली. नावात राष्ट्रीय शब्द होता, पण मालक भागधारक. लोकांना बँक समजावून सांगताना त्यांनी नदीचा दाखला दिला. पैसा सांदीकोपऱ्यात, खाचखळग्यांत थेंबाथेंबानं पडलेला असतो तेव्हा त्याचा कुणालाच उपयोग नाही. तो एकत्र वाहू लागला की मोठी नदी होते. आपल्या थेंबे थेंबे तळे साचे या म्हणीच्या जवळ जाणारी गोष्ट, फरक इतकाच की त्यांना तळं नको होतं, वाहतं पाणी हवं होतं. या पद्धतीला ते गाप्पोन म्हणत, म्हणजे भांडवल जुळवणं.

बँक उघडून दीड वर्ष होतं न होतं तोच ओनो हे सावकारी घराणं बुडालं. मित्सुई आणि ओनो या दोघांच्याच जिवावर बँक उभी होती, आणि ओनोंना दिलेली कर्जं डोंगराएवढी. त्या वेळी ओनोंचा एक मुनीम, फुरुकावा इचिबेइ, आपणहून आला आणि गोदामातला सगळा माल बँकेच्या हवाली करून रिकाम्या हातानं निघून गेला. बँक वाचली. शिबुसावा हे कधी विसरले नाहीत. पुढे फुरुकावांनी आशिओची जुनी तांब्याची खाण चालवायला घेतली तेव्हा शिबुसावांनी भागीदार होऊन पैसा घातला. खाणीतून तांबं निघालं, आणि त्याबरोबर विषही. वातारासे नदीकाठची शेतं मेली, मासे मेले, गावं उजाड झाली. १९०१ साली तानाका शोझो या माजी खासदारानं हातात अर्ज घेऊन थेट सम्राटाच्या गाडीपुढे धाव घेतली, इतकं ते प्रकरण पेटलं. माणसावर ठेवलेला विश्वास सार्थ ठरला. खाणीखालच्या गावांचं काय, हा प्रश्न त्या विश्वासात बसत नव्हता.

कागदाचा धंदा त्यांनी बँकेइतकाच जुना काढला. नोटा, तिकिटं, वर्तमानपत्रं, जमिनीचे दाखले, सगळ्याला कागद लागणार हे त्यांनी ओळखलं. ओजी गावात गिरणी बांधली, इंग्लंडहून यंत्रं आणली, परदेशी तंत्रज्ञ आणले. कागद काही केल्या धड निघेना. त्यांचा भाचा ओकावा हेइझाबुरो गिरणीत साधा कामगार म्हणून लागला होता. त्यानं परदेशी माणसांच्या कामाकडे बघून बघून यंत्र समजून घेतलं आणि कुठे चुकतंय ते दाखवलं. १८७९ साली शिबुसावांनी त्याला अमेरिकेला शिकायला पाठवलं. गिरणी दिसावी म्हणून त्यांनी जवळच्या आसुकायामा टेकडीवर घरही बांधलं. पंचवीस वर्षं जपलेली ही कंपनी १८९८ साली मित्सुईंनी भागांच्या जोरावर ताब्यात घेतली आणि शिबुसावांना बाहेर पडावं लागलं. स्वतःकडे बहुमताचे भाग ठेवायचे नाहीत, या तत्त्वाची ही किंमत. ते घर आणि खालची गिरणी मात्र तिथेच राहिली. रोज सकाळी त्यांना काय वाटत असेल ते तेच जाणोत.

सुताची गोष्ट सगळ्यांत यशस्वी. सरकारनं दोन-दोन हजार चात्यांच्या गिरण्या काढल्या होत्या, त्या रखडत होत्या. शिबुसावांनी हिशेब मांडला की निदान दहा हजार चात्या हव्यात आणि ओढ्याच्या पाण्यावर नाही, वाफेवर. पण हे चालवणार कोण? लंडनमध्ये यामानोबे ताकेओ नावाचा एक तरुण अर्थशास्त्र शिकत होता. शिबुसावांनी त्याला पत्र लिहून सूत कातायची विद्या शिकायला सांगितलं आणि खर्चाला १५०० येन पाठवले. यामानोबेनं अभ्यास बदलला, किंग्ज कॉलेजात यंत्रविद्या घेतली, मग ब्लॅकबर्नच्या एका गिरणीत काम शिकला. १८८३ साली १०,५०० चात्यांची ओसाका गिरणी सुरू झाली. पैसा सरदारांचा आणि व्यापाऱ्यांचा. पहिल्याच वर्षांत घसघशीत लाभांश मिळाला आणि बघता बघता देशभर गिरण्या उभ्या राहिल्या. यंत्र विकत आणणं सोपं असतं; ते समजणारा माणूस आधी तयार करायचा, हे त्यांनी इथे दाखवलं.

नफ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गिरणी रात्रंदिवस चाले. १८८६पासून विजेचे दिवे आले आणि रात्रपाळी पक्की झाली. राबणाऱ्या बहुतेक गरीब शेतकऱ्यांच्या मुली. १८९२ साली याच गिरणीला आग लागून नव्वदहून जास्त कामगार मेले. चार वर्षांनी सरकारी परिषदेत कामगार कायद्याचा विषय निघाला तेव्हा शिबुसावांनी, अजून वेळ आलेली नाही, असं म्हणून विरोध केला. त्यांचं मत पुढे बदललं. पण कारखाना कायदा १९११ साली झाला, लागू १९१६ साली झाला, आणि बायकांची रात्रपाळी बंद व्हायला १९२९ उजाडलं. भागधारकांचे थेंब त्यांनी मोजले, या मुलींच्या घामाचे थेंब त्या हिशेबात आले नाहीत, असं मला तरी वाटतं.

याच सुताच्या धाग्यानं ते आपल्याकडे येऊन भिडतात. जपानी गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता, आणि मुंबईहून माल नेणारी जहाजं होती पी अँड ओ आणि तिच्या जोडीदार कंपन्यांची. भाडं त्या म्हणतील ते. बडोदे संस्थानातल्या नवसारीत जन्मलेले आणि नागपूरची एम्प्रेस मिल चालवणारे जमशेटजी टाटा या भाड्याला विटले होते. १८९३ साली ते जपानला गेले, शिबुसावांना भेटले. ठरलं असं, की निप्पोन यूसेन ही जपानी जहाज कंपनी आणि टाटा मिळून कोबे-मुंबई फेऱ्या चालवतील आणि जपानी गिरणीवाले आपला सगळा कापूस त्याच जहाजांनी आणतील. त्या नोव्हेंबरात पहिलं जहाज निघालं. पी अँड ओनं भाडं टनामागे दीड-दोन रुपयांवर आणून प्रतिस्पर्ध्याला चिरडायचा प्रयत्न केला. टाटांना फार दिवस टिकता आलं नाही. जपानी बाजू टिकली, कारण तिथल्या गिरणीवाल्यांनी शब्द पाळला. स्वस्त भाडं सोडून आपल्या जहाजाला माल देणं म्हणजे रोजचा तोटा, पण तो सगळ्यांनी मिळून सोसला. शेवटी १८९६ साली पी अँड ओनं तडजोड केली. आणि पुढे? मुंबईचं सूत जे चीनच्या बाजारात खपत होतं, तिथे हळूहळू जपानी सूत जाऊन बसलं. आपल्याच कापसाचं. त्याचा चटका कोकणातून गिरणगावात आलेल्या घरांपर्यंत पोचला.

जहाजांचा विषय निघाला तर इवासाकी यातारो यांचं नाव घ्यावंच लागतं. मित्सुबिशीचे संस्थापक, जिद्दी, हुशार, आणि एकहाती सत्तेवर विश्वास ठेवणारे. चरित्रकार सांगतात की १८८०च्या सुमारास त्यांनी सुमिदा नदीकाठच्या एका उपाहारगृहात शिबुसावांना मेजवानी दिली. दोघं एकत्र आलो तर देशातला सगळा धंदा आपलाच, असा प्रस्ताव ठेवला. शिबुसावा म्हणाले की धंदा सगळ्यांचा असावा आणि नफाही सगळ्यांना मिळावा. वाद वाढला आणि ते मधूनच उठून निघून गेले. मग लढाई जुंपली. शिबुसावा आणि मित्रांनी सरकारच्या मदतीनं वेगळी जहाज कंपनी काढली. १८८३ ते १८८५ दोन्ही कंपन्यांनी भाडी इतकी पाडली की दोन्ही मरायला टेकल्या. त्यातच इवासाकी वारले. सरकारनं दोन्ही कंपन्या एकत्र केल्या आणि निप्पोन यूसेन जन्मली, बऱ्याच अंशी मित्सुबिशीच्या वर्चस्वाखाली. म्हणजे लढाई शिबुसावा हरलेच म्हणायचे. तरी टाटांच्या वेळी तेच जहाज घेऊन ते काम करून गेले. रुसून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

खरी कसोटी मात्र खताच्या धंद्यात लागली. ताकामिने जोकिची हा तरुण रसायनशास्त्रज्ञ ग्लासगोत शिकून आलेला. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनात त्यानं फॉस्फेटचा दगड पाहिला आणि जपानी शेतीला हे खत द्यायचं वेड घेतलं. शिबुसावा शेतकऱ्याच्या घरचे; निळीला खत घालता घालता कसा जीव मेटाकुटीला येतो हे त्यांना माहीत. त्यांनी मित्सुई बुस्सानच्या मासुदा ताकाशींना गळ घालून १८८७ साली कंपनी काढली. तोक्योच्या फुकागावा भागात कारखाना उभा राहिला. शेतकरी काही पोती उचलेनात. दगडाची भुकटी शेतात का टाकायची? आणि अशात १८९० साली खुद्द ताकामिने अमेरिकेला निघाले. त्यांच्या एका शोधाला तिथल्या मद्य कारखान्यानं बोलावलं होतं. ज्याच्या भरवशावर लोकांचे पैसे लावले तोच निघाला! शिबुसावा संतापले, आणि संतापायलाच हवं होतं. पण शेवटी जाऊ दिलं.

१८९३ साली कारखाना जळाला. भागधारक म्हणाले, पुरे झालं, कंपनी गुंडाळा. शिबुसावा म्हणाले की कुणालाच नको असेल तर सगळे भाग मी एकटा घेतो आणि कर्ज काढून चालवतो. त्यावर बाकीचे गप्प झाले. भांडवल कमी केलं, कारखाना पुन्हा बांधला, काही वर्षांनी खत खपू लागलं. आजची निस्सान केमिकल ही तिचीच वंशज. तिकडे ताकामिनेंनी अमेरिकेत नाव काढलं, ॲड्रेनलिन शुद्ध रूपात वेगळं केलं. १९१३ साली ते मायदेशी आले आणि जपानला स्वतःची मोठी संशोधन संस्था हवी म्हणून बोलू लागले, तेव्हा त्यांच्या बाजूनं पैसा गोळा करायला उभे राहिले ते शिबुसावाच. १९१७ साली रिकेन ही संस्था स्थापन झाली, शिबुसावा उपाध्यक्ष. तेवीस वर्षांपूर्वीचा राग तोवर कुठे गेला होता कुणास ठाऊक.

बाकी उद्योगांचा नुसता उल्लेख करतो. तोक्यो गॅस, शेअरबाजार, चेंबर ऑफ कॉमर्स, साप्पोरो बिअर, इम्पीरियल हॉटेल. फुकायाला विटांचा कारखाना, ज्याच्या विटा तोक्यो स्टेशनच्या इमारतीत गेल्या. १८९२ साली तोक्योच्या पाणीपुरवठ्याला परदेशी नळ घ्यावेत, देशी अजून कच्चे आहेत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, तर भर रस्त्यात त्यांच्या घोडागाडीवर तलवारीनं हल्ला झाला. हातावर थोडक्यात निभावलं.

कोरियात त्यांची आठवण वेगळी आहे. दाइ-इची बँकेनं तिथे १९०२ साली नोटा काढल्या, त्यांवर शिबुसावांचं चित्र. सोलची पहिली रेल्वेही त्यांच्या मंडळीनं पुरी केली. त्या देशाचा गळा हळूहळू आवळला जात होता आणि त्यात या नोटांचा, रुळांचा हात होता. जपानच्या नव्या नोटेवर हाच चेहरा येणार हे २०१९ साली जाहीर झालं तेव्हा कोरियात संताप उसळला तो यामुळेच.

घरातही सगळं सरळ नव्हतं. चियो १८८२ साली कॉलऱ्यानं गेली. दुसरं लग्न कानेको हिच्याशी. बाहेरख्याली जगजाहीर होती. कन्फ्यूशियसवर व्याख्यानं देणाऱ्या नवऱ्याबद्दल कानेको म्हणे गमतीनं सांगायची की यांनी गुरू मोठा हुशारीनं निवडला, बायबल निवडलं असतं तर एक दिवस निभावलं नसतं. थोरला मुलगा तोकुजी याला उधळपट्टीवरून वारसा हक्कातून काढलं आणि नातू केइझो याला पुढे आणलं. तरी हाच माणूस ख्रिस्ती शिक्षक नीजिमा जो यांच्या दोशिशा विद्यापीठासाठी वर्गणी देतो, नारुसे जिन्झो यांच्या महिला विद्यापीठासाठी वर्षानुवर्षं दारोदार फिरतो. माणसं एका रंगाची नसतात.

१९०९ साली त्यांनी बहुतेक कंपन्यांची पदं सोडली आणि सुमारे पन्नास जणांचं शिष्टमंडळ घेऊन तीन महिने अमेरिकाभर आगगाडीनं फिरले. १९१६ साली बँकही सोडली. उरलेली वर्षं दुसऱ्याच कामात गेली. जुन्या धन्याचं, योशिनोबूंचं मोठं चरित्र त्यांनी लिहवून घेतलं. १९२३च्या भूकंपात त्यांची कचेरी जळाली, त्यातली जन्मभराची कागदपत्रं गेली. ८३ वर्षांचे होते, दुसऱ्या दिवसापासून मदतीच्या कामाला लागले. १९२४ साली अमेरिकेनं जपानी लोकांना दार बंद केलं तेव्हा ते फार दुखावले. तरी १९२७ साली गुलिक या मिशनऱ्याच्या खटपटीनं अमेरिकन मुलांनी बारा हजारांहून अधिक बाहुल्या पाठवल्या, त्यांचं स्वागत करायला हे ८७ वर्षांचे आजोबा पुढे होते. उत्तरादाखल जपाननं ५८ मोठ्या बाहुल्या पाठवल्या.

एक काम मात्र त्यांनी तरुणपणापासून कधीच सोडलं नव्हतं. तोक्योत योइकुइन नावाचं आश्रयगृह होतं, निराधार म्हातारे, अनाथ मुलं, रस्त्यावरचे आजारी यांच्यासाठी. १८७०च्या दशकात त्यांच्याकडे कारभार आला. आळशांना पोसायला कर का द्यायचा, असं म्हणून शहरसभेनं १८८०च्या दशकात पैसा बंद केला, तर त्यांनी वर्गण्या आणि बाजार भरवून ते चालू ठेवलं. महिन्यातून ते स्वतः तिथे जात, मुलांना खाऊ नेत. पाचशे कंपन्या सुटल्या, हे पद मरेपर्यंत सुटलं नाही.

१९२९ साली गरिबांना सरकारी मदत देणारा कायदा मंजूर झाला, पण पैसा नाही म्हणून तो कपाटात पडून होता. १९३०च्या हिवाळ्यात गरिबांमध्ये काम करणारे काही कार्यकर्ते शिबुसावांना भेटायला आले. वय ९०, अंगात ताप, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला मनाई केलेली. त्यांनी मंत्र्यांना फोन लावायला सांगितला, कपडे चढवले आणि मोटारीत बसून निघाले. घरच्यांनी अडवलं तेव्हा म्हणाले की यात मी मेलो तर एवढ्या गरिबांच्या कामी तरी आलो.

पुढल्या वर्षी चीनमध्ये महापूर आला. त्यांनी घरूनच रेडिओवर मदतीचं आवाहन केलं, धान्य-कपडे जमले, जहाज निघालं. पण १८ सप्टेंबरला मांचुरियात जपानी सैन्यानं कुरापत काढली आणि चीननं ती मदत परत पाठवली. ११ नोव्हेंबर १९३१ रोजी शिबुसावा आसुकायामाच्या घरी वारले. यानाकाच्या दफनभूमीत, योशिनोबूंच्या थडग्यापासून फार लांब नाही, त्यांना ठेवलं. मदतीचा तो कायदा १ जानेवारी १९३२ पासून लागू झाला.